तिची नसलेली जागा

डॉक्टर म्हणाले, एकदम घरात नेऊ नका.
पहिली गाठ बाहेर घाला,
जिथं सुपारीचं राज्य नाही अशा जागी.

अशी जागा कोल्हापुरात शोधायची म्हणजे!
रंकाळ्याचा कठडा तिचा,
फिरायच्या वाटेवरच्या खांबाखांबावर तिची सही.
गंगावेशीत रात्री म्हशी पिळायला उभ्या करतात,
तिथल्या फेसाची बशी तिची.
वजन साडेचार किलो,
वय दहा, पुढचे दोन दात पडलेले,
आणि मालकी थेट पंचगंगेपर्यंत.

शेवटी केतकी म्हणाली, नदीच ओलांडू.
शिये रस्त्याला एक गुऱ्हाळ,
हंगाम संपल्यामुळं बंद,
चुलवाण गार, चिपाडांचा ढीग,
कुणाचंच नसलेलं अंगण.
सुपारी स्कूटरवर माझ्या पायाशी,
आणि मागं केतकीच्या ओढणीत
उद्यमनगरातल्या फौंड्रीच्या वाळूत जन्मलेलं ते,
कानावर अजून काळं ऑइल.
पंजे पुढच्या वर्षीचे,
बाकी सगळं आजचं.

सोडल्याबरोबर धावत आलं,
स्वतःच्याच पायात अडकून
तिच्यापुढं पालथं.
सुपारीनं वास घेतला, पुढून एकदा, मागून एकदा,
ढेप नापास करणाऱ्या व्यापाऱ्यासारखं तोंड फिरवलं
आणि चुलवाणाच्या कडेला जाऊन
तेवढ्यात
ती जागाही आपल्या नावावर करून आली.

घरी आल्यावर पाठ.
त्याची वाटी वेगळी, मध्ये जाळीचं दार,
आणि दाराकडं तिची पांढरी, फुगलेली पाठ.
ते जाळीतनं नाक घालून कुईं करायचं.
पाठ हलायची नाही.

मी नवी नवरी म्हणून वाकऱ्याला गेले
तेव्हा थोरल्या जाऊबाई अशाच
चुलीकडं तोंड करून भाकऱ्या थापत बसलेल्या.
अकरा दिवस मी त्यांची पाठच बघितली.
चोळीची उसवलेली शिवण, मानेवरचा तीळ,
घामाची ओळ कुठून कुठं जाते ते.
ती पाठ मला पाठ झाली.
बाराव्या दिवशी माझी आमटी बोटानं चाखून म्हणाल्या,
'मीठ कमी हाय.'
तेवढंच.
मी परड्यात जाऊन रडले.
परत येऊन मीठ घातलं.

इकडं सातव्या दिवशी जाळीचं दार उघडं राहिलं.
पिलानं ह्यांच्या नव्या चपलेचा अंगठा खाल्ला,
वर करकर वाजवूनही दाखवली.
सुपारी समोर बसून होती,
उंदीर दिसला तरी गल्ली गोळा करणारी,
चकार शब्द बोलली नाही.
चपलेचा दुसरा पाय मात्र
संध्याकाळी तिच्या पोटाखाली सापडला.
लपवला का राखला, कोण सांगणार.

दहाव्या दिवशी गल्लीत सिलिंडर गडगडला.
सुपारी उंबऱ्यावर गेली आणि
दहा वर्षं भुंकते तशी भुंकली,
दोन आखूड, एक लांब.
मग थांबली.
कधी थांबत नाही ती.
वळून मागं बघितलं.
पिलानं घशातनं काहीतरी काढलं,
ओलं, मऊ, साफ चुकलेलं.
ती पुन्हा भुंकली, जरा सावकाश.
पुन्हा मागं बघितलं.
कृष्णात पावती धरून दारात तिष्ठत,
'वैनी, शिकवणी कवा सुटायची?'

त्याला पैसे दिले आणि वाकऱ्याला फोन लावला.
'काय गं, अवेळी?'
काही नाही, म्हटलं, आमटी टाकलीय.
तिकडं जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
'मीठ बघ,' जाऊबाई म्हणाल्या.

कृष्णातचा टेम्पो केव्हाच कोपऱ्यापलीकडं गेलेला,
तरी उंबऱ्यावर चालूच होतं,
दोन आखूड, एक लांब.
त्याला लांब काही जमत नव्हतं.